कराटेतली ब्लॅक बेल्टची परीक्षा: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. विचारणारे बहुतेक आई-वडील असतात, काही चाळिशीनंतर शिकायला लागलेले. उत्तरं शोतोकान शैली धरून दिली आहेत. तुमची शैली गोजू-र्यू, शितो-र्यू किंवा वादो-र्यू असेल तर आधी प्रश्न १६ वाचा, मग वर या.

१. ब्लॅक बेल्ट म्हणजे मास्टर झाला, असंच ना?

नाही. पहिल्या ब्लॅक बेल्टला 'शोदान' म्हणतात आणि त्यातल्या 'शो'चा अर्थच आरंभ. रंगीत बेल्टच्या पायऱ्यांना 'क्यू' म्हणतात, त्या उलट्या मोजतात: दहावरून एकवर. ब्लॅक बेल्टपासून 'डॅन' सुरू होतात आणि ते सुलटे चढतात: शोदान, निदान, सानदान, योनदान, गोदान. डॅनची पद्धत मुळात ज्यूदोची, ज्यूदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८० च्या दशकात सुरू केलेली. कराटेत पहिले डॅन शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये दिले. गोजू-र्यूचे संस्थापक चोजुन मियागी यांनी तर हयातीत कोणालाच डॅन दिला नाही, आणि तरी त्यांच्या शिष्यांचं काही अडलं नाही.

२. शोदानपर्यंत पोचायला किती वर्षं लागतात?

आठवड्याला तीन दिवस नियमित सराव असेल तर साधारण ४ ते ५ वर्षं. तीन वर्षांत पोचणारेही असतात, पण ते रोज घाम गाळणारे. खालच्या क्यूंमध्ये साधारण ३-३ महिन्यांचं अंतर असतं. ब्राऊन बेल्टच्या तीन पायऱ्या (३, २ आणि १ क्यू) मात्र सावकाश चढायच्या असतात. इथे घाई केली की ती थेट शोदानच्या परीक्षेत उघडी पडते.

आपल्याकडची एक अडचण मान्य करून हिशोब मांडा. मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा, एप्रिल-मेमध्ये ऊन, दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी. वर्षातले दोन-तीन महिने सराव तुटतोच. म्हणून क्लासला नाव घातल्याची तारीख मोजू नका, प्रत्यक्ष सरावाचे महिने मोजा. काही संघटना हजेरीपटही मागतात.

३. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. त्याला ब्लॅक बेल्ट मिळेल का?

मिळालाच तर बहुधा 'ज्युनियर' किंवा 'शोदान-हो' म्हणून, म्हणजे तात्पुरता. वयाची अट संघटनेनुसार बदलते. अनेक ठिकाणी १४ किंवा १६ वर्षं पूर्ण झाल्यावर परीक्षा पुन्हा द्यावी लागते किंवा पदवी कायम करून घ्यावी लागते. प्रमाणपत्रावर 'ज्युनियर' असं छापलेलं आहे का ते घेतानाच पाहा. नऊ वर्षांच्या मुलाला थेट पूर्ण शोदान देणारा क्लास असेल तर प्रश्न १७ नीट वाचा.

४. परीक्षेत नेमकं काय काय करून दाखवावं लागतं?

तीन भाग: किहोन (मूलभूत हालचाली), काता (ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका) आणि कुमिते (समोरासमोरची लढत). किहोन दोन ते पाच जणांच्या गटात घेतात, काता एकट्याने किंवा दोघांना शेजारी उभं करून, कुमिते जोडीने. काही ठिकाणी लेखी किंवा तोंडी प्रश्नही असतात: जपानी संज्ञांचा अर्थ, कात्यातल्या एखाद्या हालचालीचा वापर. प्रत्यक्ष तपासणी थोडा वेळ चालते, पण रांगेत बसून थांबणं अर्धा दिवस. अंग थंड पडतं ते इथेच. तुमच्या आधी दोन गट उरले की उठून कोपऱ्यात सांधे मोकळे करायला लागा.

५. किहोन तर रोजच करतो. मग त्यात मार्क का जातात?

रोज करतो म्हणूनच. काता घोकला जातो आणि किहोन उरकला जातो. परीक्षकाची नजर कुठे असते ते पाहा.

आधी मागच्या पायाची टाच. झेनकुत्सु-दाची हा पुढच्या पायावर भार देणारा स्टान्स, म्हणजे उभं राहण्याचा पवित्रा. त्याची लांबी साधारण खांद्यांच्या रुंदीच्या दुप्पट, रुंदी खांद्यांएवढी, वजन पुढच्या पायावर ६० टक्के आणि मागे ४०. पहिल्या दोन पावलांत हे सगळं बरोबर असतं. तिसऱ्या-चौथ्या पावलाला दम लागतो, पाऊल आखूड पडतं, पुढचा गुडघा सरळ होतो आणि ग्याकु-झुकी (मागच्या पायाच्या बाजूच्या हाताचा ठोसा) मारताना मागची टाच फरशीवरून उचलली जाते. टाच उचलली की कमरेचा जोर जमिनीला टेकत नाही आणि ठोसा नुसत्या हाताचा उरतो.

दुसरी जागा कोकुत्सु-दाची, म्हणजे मागच्या पायावर भार देणारा स्टान्स. इथे वजन मागच्या पायावर ७० टक्के आणि दोन्ही टाचा एका रेषेत. बहुतेकांचं वजन मध्ये येतं आणि मागचा गुडघा आत पडतो. स्वतः तपासायचं असेल तर फरशीच्या जोडावर टाचा ठेवून पाच पावलं जा, मग खाली बघा.

तिसरी जागा लाथा. योको-गेरी (बाजूला मारायची लाथ) केआगे आणि योको-गेरी केकोमी या दोन वेगळ्या लाथा आहेत. केआगेत गुडघा बिजागरीसारखा राहतो, पाऊल वर झटकून लगेच परत येतं. केकोमीत गुडघा उचलून पावलाची कड सरळ रेषेत आत घुसवायची आणि कंबर तिच्यामागे ढकलायची. परीक्षेच्या दिवशी अनेकांच्या दोन्ही लाथा एकसारख्याच दिसतात, अर्धवट मावाशी-गेरीसारख्या (गोल फिरवून मारायची लाथ). 'केआगे' म्हटल्यावर तुम्ही केकोमी मारली तर ती कितीही जोरदार असली तरी चूकच.

आणि हिकिते, म्हणजे परत येणारा हात. तो कमरेवर यायला हवा. थकल्यावर तो बरगड्यांवर चढतो आणि कोपर बाहेर पडतं. मोबाईलवर मागून व्हिडिओ काढा, समोरून हे दिसत नाही.

६. तोकुई काता कोणता निवडू?

तोकुई म्हणजे तुमच्या पसंतीचा. शोदानला बहुतेक ठिकाणी बास्साई दाई, कांकू दाई, एंपी, जिऑन, हांगेत्सु यांतला एक चालतो. पण आपल्या संघटनेची यादी आधी विचारा.

बास्साई दाई सर्वाधिक जण घेतात, म्हणून परीक्षकाने त्यातल्या चुकाही सर्वाधिक पाहिलेल्या असतात. कांकू दाई ६५ मोजांचा (मोज म्हणजे मोजलेली एक हालचाल), म्हणजे दम आणि जागा दोन्ही लागते. अंग हलकं आणि उंची कमी असेल तर एंपी शोभतो, पण त्यातली शेवटाकडची उडी डळमळली तर सगळ्या हॉलला दिसते. जिऑनमध्ये लपायला जागा नाही, कारण तो सगळा किहोनच आहे. स्टान्स पक्के असतील तर आमचा कल जिऑनकडे. उनसू किंवा गोजुशिहोसारखे वरचे काते शोदानला दाखवू नका. स्पर्धेत टाळ्या मिळतात, इथे भुवया उंचावतात.

७. हेआन तर सगळे पाठ आहेत. ते परीक्षेत कशाला विचारतात?

तोकुईशिवाय दुसरा काता परीक्षक ऐनवेळी सांगतो: पाच हेआन (रंगीत बेल्टला शिकवलेले सुरुवातीचे काते) किंवा टेक्की शोदान हा काता, यांपैकी कोणताही. सर्वाधिक घोटाळे इथेच होतात, कारण मुलांनी सहा महिने फक्त तोकुई घोटलेला असतो.

गल्लत ठरलेल्या जोड्यांत होते. (इथे शोदान, निदान वगैरे हे कात्यांचे क्रमांक आहेत, डॅन नव्हेत.) हेआन निदान आणि हेआन योनदान दोन्ही डावीकडे कोकुत्सुत दोन्ही हात वर घेऊन सुरू होतात. निदानमध्ये मुठी बंद आणि हालचाल झटक्यात, योनदानमध्ये हात उघडे आणि हालचाल संथ. हेआन सानदान आणि हेआन गोदान दोन्ही डावीकडे उची-उकेने (आतून बाहेर हाताने अडवणं) सुरू होतात. सानदानमध्ये त्यानंतर पाय जुळवून दोन हातांनी एकदम अडवायचं असतं, गोदानमध्ये त्याच जागी ग्याकु-झुकी. नाव ऐकल्यावर 'योई'त (तयार स्थितीत) उभं असतानाच पहिल्या दोन हालचाली मनात फिरवा, मगच 'हाजिमे'वर (सुरू करा) सुटा.

हेआन शोदान २१ मोजांचा. किआई, म्हणजे जोराची आरोळी, नवव्या मोजेला (तिसरी आगे-उके, म्हणजे हात वर नेऊन अडवणं) आणि सतराव्याला. ज्या जागेवरून सुरू केला तिथेच संपायला हवा. एक हात पुढे-मागे चालतं, दीड पाऊल नाही. टेक्की शोदानमध्ये आडवं सरकताना पाय ओलांडतो तेव्हा डोकं वर येतं, ते येऊ देऊ नका.

८. मध्येच काता विसरला तर काय करायचं?

थांबू नका आणि तोंड वाकडं करू नका. चुकीच्या बाजूला वळलात तरी आहे त्या जोमाने पुढे जा. पूर्ण कोरं झालं तर शेवटच्या स्टान्समध्ये स्थिर उभे राहा. परीक्षक बहुधा पुन्हा सुरू करायला सांगतो, एकदा. 'सॉरी सर' म्हणून हसणं, डोकं खाजवणं, शेजारच्याकडे पाहून पुढची हालचाल उचलणं हे विसरण्यापेक्षा वाईट दिसतं. शेजारचा चुकत असतानाही त्याच्याकडे पाहू नका. दोघं मिळून चुकल्याची उदाहरणं दर परीक्षेत असतात.

९. कुमितेत खरी मारामारी होते का? मुलगी घाबरते आहे.

शोदानला बहुतेक संघटना जियू-इप्पोन कुमिते घेतात. हल्ला कुठे आणि कशाने होणार ते हल्ला करणारा आधी मोठ्याने सांगतो: 'जोदान' (चेहऱ्यावर), 'चुदान' (धडावर), 'माए-गेरी' (समोरची लाथ), 'योको-केकोमी', 'मावाशी-गेरी', 'उशिरो-गेरी' (मागची लाथ). दोघंही कामाएत (लढायच्या पवित्र्यात) फिरत असतात, संधी साधून एकच हल्ला होतो, समोरच्याने अडवून एक उलट वार करायचा आणि अंगाला लागण्याआधी रोखायचा. या रोखण्याला 'सुनदोमे' म्हणतात. नाक फोडलं तर गुण मिळत नाहीत, जातात.

चुका दोन्ही बाजूंनी होतात. मैत्रीण समोर असली की हल्ला करणारी ठोसा मुद्दाम कानाशेजारून नेते किंवा वीतभर आधीच थांबवते. परीक्षकाला ते लगेच कळतं आणि गुण हल्ला करणारीचे जातात. अडवणारी सरळ मागे पळते, मग उलट वार पोचतच नाही. तिरकं सरका, हात पोचेल एवढंच अंतर ठेवा. वार झाल्यावर वळून पाठ दाखवू नका. नजर समोर ठेवून कामाएतच मागे या. याला 'झानशिन' म्हणतात आणि त्याकडे नेमकं पाहिलं जातं. काही ठिकाणी शेवटी मोकळं कुमितेही घेतात, तेव्हा हातमोजे आणि माउथगार्ड लागतो.

१०. कौलं, फरशा, बर्फाच्या लाद्या फोडाव्या लागतात का?

शोतोकानमध्ये नाही. क्योकुशिनमध्ये फोडण्याची परंपरा आहे. गॅदरिंगला मंगलोरी कौलं फोडणं हे प्रात्यक्षिक असतं, परीक्षा नव्हे. वाढत्या वयाच्या मुलांची हाडं टोकाशी मऊ असतात, त्यांच्याकडून हे करून घेऊ नका. पालक म्हणून सरळ नाही म्हणा.

११. ड्रेस कसा हवा? नवीन घेऊ का?

पांढरा, सुती, मागे क्लासची जाहिरात छापलेली नसलेला. बाही कोपराखालचा निदान अर्धा हात झाकणारी आणि पँट पोटरीच्या खालपर्यंत. नवीन घ्यायचा तर महिनाभर आधी घ्या, उंचीपेक्षा एक नंबर मोठा, आणि दोन-तीन वेळा धुऊन आटवून मगच मापाचा करा. परीक्षेच्या आदल्या दिवशी घेतलेला कोरा ड्रेस पत्र्यासारखा ताठ असतो, लाथ मारताना गुडघ्यात अडकतो. बाह्या दुमडून चालत नाहीत, शिवून आखूड करा. बेल्ट आपल्या सध्याच्या पायरीचाच बांधायचा. काळा बेल्ट पिशवीत आणला असेल तर तो पिशवीतच राहू द्या.

१२. मे महिन्यात परीक्षा आहे. उन्हाचं काय?

जळगाव-भुसावळचा पारा मेमध्ये ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी १२ नंतर कुमिते घेणं हा निव्वळ अविचार आहे. सकाळी ७ ला सुरू करून ११ पर्यंत संपवा, असा आग्रह पालकांनी आयोजकांकडे धरावा. ओआरएसचं एक पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यात कालवा, अर्ध्या ग्लासात नाही. घरी करायचं तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. घोटघोट प्या. डोकं दुखणं, मळमळ किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर मुलाला तिथेच थांबवा, सावलीत घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. परीक्षा पुन्हा होते.

खाणं: दोन तास आधी दोन केळी आणि थोडा पोहा पुरे. केळी तर आपल्याकडे दारात आहेत. आदल्या रात्री झणझणीत शेवभाजी नको. हिवाळ्यातल्या परीक्षांना वेगळाच धोका असतो: शनिवारी रात्री शेतात भरीत पार्टी आणि रविवारी सकाळी परीक्षा. भरीत आणि कळण्याची भाकरी रविवारी रात्री खा, तेव्हा गोडही लागेल.

फरशीचंही पाहा. शहाबादी फरशीवर घाम सांडला की पाय सटकतो. ओला रुमाल जवळ ठेवा आणि तळवे पुसून उभे राहा. आदल्या दिवशी शंभर वेळा वळणांचा सराव करू नका, तळव्याची सालटी निघतात.

१३. मुलींसाठी काही वेगळे नियम? दागिने, चष्मा, पाळी?

अभ्यासक्रम तोच. ड्रेसच्या आत साधा पांढरा टी-शर्ट घालायचा. नथ, कानातले, बांगड्या, कडं, अंगठी, मंगळसूत्र काढावं लागतं. निघत नसेल तर आधी सांगा, टेप लावायला देतात. मनगटातला गंडादोराही शक्यतो सोडा, बोट अडकतं. नखं कापलेली हवीत, पायाचीसुद्धा. चष्म्यावर किहोन आणि काता करता येतो, कुमितेत काढावा लागतो. म्हणून कुमितेचा सरावही चष्म्याशिवाय करा, अंतराचा अंदाज वेगळा येतो.

पाळी आली म्हणून परीक्षा चुकवायची गरज नाही. आत गडद सायकलिंग शॉर्ट्स घाला, जोडीला एक पँट जास्त ठेवा. त्रास फार असेल तर आयोजकांपैकी एखाद्या बाईंना सांगा, तुमचा गट मागेपुढे करता येतो.

१४. 'पोऱ्या नापास व्हयना तं पैसा परत भेटतीन का?'

(प्रश्न आला तसाच ठेवला आहे. म्हणजे: मुलगा नापास झाला तर पैसे परत मिळतील का?) रक्कम कशाकशाची आहे यावर ते ठरतं. परीक्षा फी ही तपासणीची असते, ती परत मिळत नाही. डॅन नोंदणी, प्रमाणपत्र आणि बेल्ट यांचे पैसे पास झाल्यावरच घ्यायला हवेत, किंवा आधी घेतले असतील तर परत द्यायला हवेत. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाचा प्रवास आणि राहणं हा चौथा भाग, तो सगळ्यांत वाटला जातो. या चार रकमा वेगवेगळ्या लिहिलेली पावती मागा. 'सगळं मिळून एवढे, आणि पास होणारच' असं आधीच सांगितलं जात असेल तर तुम्ही परीक्षा देत नाही, खरेदी करत आहात.

१५. नापास झाल्यावर पुन्हा कधी बसता येतं?

संघटनेनुसार ३ किंवा ६ महिन्यांनी. काही ठिकाणी फक्त राहिलेला भाग द्यावा लागतो, काही ठिकाणी पूर्ण. कशात कमी पडलो हे त्याच दिवशी, नम्रपणे, आपल्या प्रशिक्षकामार्फत विचारून लिहून ठेवा. घरी आल्यावर नातेवाइकांनी 'मग बेल्ट कुठाय?' विचारू नये एवढी व्यवस्था आईने केली तरी खूप. मुलं क्लास सोडतात ती बहुतेक या प्रश्नामुळे.

१६. आमची शैली शोतोकान नाही. काय बदलतं?

रचना तीच, मजकूर वेगळा. गोजू-र्यूत सानचिन या कात्याला मोठं महत्त्व: श्वास, पकड आणि अंगाचा ताठपणा परीक्षक हाताने दाबून, थापटून पाहतो. त्याच्या जोडीला साइफा, सेइयुनचिनसारखे काते. शितो-र्यूत कात्यांची संख्या मोठी, त्यामुळे यादी लेखी घ्या. वादो-र्यूत स्टान्स उंच आणि जोडीने करायच्या ठरावीक कुमितेवर भर. प्रश्न ५ मधली स्टान्सची मापं या शैलींना जशीच्या तशी लावू नका. किहोनातलं बाकी निरीक्षण मात्र सगळीकडे सारखंच.

१७. प्रमाणपत्र खरं की बनावट, कसं ओळखायचं?

कागदाच्या चमकीवरून नाही. प्रमाणपत्रावर डॅनचा नोंदणी क्रमांक, देणाऱ्या संघटनेचं पूर्ण नाव, तारीख आणि परीक्षकाची सही असते. तो क्रमांक संघटनेच्या मुख्य कार्यालयाला पत्राने किंवा मेलने विचारला तर त्यांच्या नोंदीत सापडायला हवा. परीक्षकाची स्वतःची पदवी आणि परीक्षा घेण्याचा अधिकार विचारायला संकोच करू नका. 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द कोणीही छापू शकतो. दोन दिवसांच्या शिबिरात ग्रीन बेल्टवरून थेट ब्लॅक, एकाच दिवशी दोन डॅन, परीक्षा न देता 'सन्माननीय' डॅन: यातलं काहीही दिसलं तर पैसे खिशातच ठेवा.

१८. परीक्षा आमच्या गावात का होत नाही? शहाद्याहून जळगाव लांब पडतं.

परीक्षक बहुधा मुंबई, पुणे, नाशिकहून येतात आणि चाळीसगाव, जळगाव, भुसावळ मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गावर आहेत. नंदुरबार-अमळनेरकरांना सुरत-भुसावळ मार्गाची गाडी मिळते. शहादा आणि शिरपूरकरांना एसटीशिवाय इलाज नाही. सकाळी ७ ची परीक्षा असेल तर आदल्या संध्याकाळीच पोचा. रात्रभर एसटीत आखडलेल्या पायांनी केकोमी जात नाही.

१९. मुलगा डावखुरा आहे. काता उलटा केला तर चालेल?

नाही. काता सगळ्यांना सारखाच. किहोनही दोन्ही बाजूंनी होतं. कुमितेत मात्र डावखुऱ्याचा फायदाच होतो. जियू-इप्पोनमध्ये उजवी-डावी दोन्ही बाजू मागतात, तेव्हा उजव्या बाजूला जास्त वेळ द्या.

२०. वय ४८, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. परीक्षा देता येईल?

बहुतेक ठिकाणी येते, पण अर्जातच लिहा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. उडी आणि खोल स्टान्स यांत सूट मिळू शकते. हालचालींचा क्रम, वेळ आणि अंतर यांत मिळत नाही. उडीचा काता निवडू नका (प्रश्न ६). परीक्षा सुरू झाल्यावर मध्येच 'गुडघा दुखतोय' सांगितलं तर ती सबब वाटते. शारीरिक अपंगत्व असलेल्यांनाही हाच मार्ग: आधी, लेखी.

२१. ब्लॅक बेल्टवर दहावीला वाढीव गुण किंवा नोकरीत आरक्षण मिळतं का?

नुसत्या डॅनवर नाही. सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या कामगिरीवर ठरतं. कोणत्या स्पर्धा धरतात हे नियमांनुसार बदलतं, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. उलट स्पर्धेत उतरायला ब्लॅक बेल्ट असावाच लागतो असंही नाही.

२२. ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर पोलीस ठाण्यात नाव नोंदवावं लागतं म्हणे?

ही अफवा आहे. असा कुठलाही कायदा नाही. स्वसंरक्षणाचा हक्क सगळ्यांना सारखाच, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला, आणि मर्यादाही तीच: बचावाला लागेल तेवढंच बळ. पळून जाणाऱ्याच्या मागे धावून मारलं तर तो बचाव राहत नाही, मग कमरेला कोणताही बेल्ट असो.

२३. दुसऱ्या संघटनेतला शोदान नवीन क्लासमध्ये चालतो का?

काही जण मूळ प्रमाणपत्र पाहून तसाच मान्य करतात, काही फेरपरीक्षा घेतात, काही ब्राऊन बेल्ट बांधायला लावतात. शेवटचं ऐकून लोक चिडतात, पण शैली बदलली असेल तर ते रास्तच आहे. निदानसाठीची (दुसऱ्या डॅनसाठीची) साधारण दोन वर्षं अनेकदा नव्या नोंदणीच्या तारखेपासून मोजतात, हे आधी विचारून घ्या.

२४. प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग चुकलंय. आता?

महिन्याभरात मूळ प्रमाणपत्राची झेरॉक्स, आधार कार्ड आणि अर्ज प्रशिक्षकामार्फत पाठवा. परदेशातून छापून येत असेल तर दुरुस्तीला महिने लागतात आणि वेगळी फी पडू शकते. अर्ज भरतानाच आधारवरचं स्पेलिंग अक्षर-अक्षर उतरवा, वडिलांचं नाव आणि आडनाव त्याच क्रमाने. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी जुनं प्रमाणपत्र टाकू नये. नोंदणी क्रमांक त्याच नावाने लागलेला असतो.